रजिस्टरातल्या आडव्या रेघा

३ फेब्रुवारी

प्रिय मामा,

फोनवर तुम्हाला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तुम्ही मनाने घालता. म्हणून पत्रच लिहिते.

बातमी अशी, की साऱ्या देशाच्या पाण्याचा तक्ता यंदा माझ्या गळ्यात पडलाय. एकोणचाळीस जिल्हे, आणि एकोणचाळीस जणांची एकोणचाळीस तऱ्हेची मापं. कुणी विहिरीची पातळी कठड्यापासून मोजतं, कुणी जमिनीपासून. एक जिल्हा धरणातून सोडलेलं पाणी ‘पुरवठा’ म्हणून लिहितो, शेजारचा नळाला पोचलेलं लिहितो. मधलं गळून गेलं ते कुणाचं, तर कुणाचंच नाही! हे सगळं एका मापात बसवायचं, म्हणजे खरा तहानलेला कोण ते कळेल. यापुढे पाण्याचे टँकरही या तक्त्यावरूनच वाटणार आहेत. आजवर ज्याचा आवाज मोठा त्याच्या दारात टँकर, असं चालत होतं.

एक गंमत सांगते. एका जिल्ह्याने कोरड्या विहिरींपुढे शून्य लिहिलं होतं. आमच्या कॉम्प्युटरला वाटलं, कठड्यापासून पाणी शून्य अंतरावर, म्हणजे विहीर काठोकाठ भरलेली. भर उन्हाळ्यात देशातला सगळ्यात पाणीदार जिल्हा तोच! मी पकडलं ते. मग प्रत्येक जिल्ह्याच्या मोजणीदाराला गाठलं, कुणाला फोन, कुणाला पत्र, आणि कोणती खूण कशासाठी वापरता ते विचारून घेतलं. अडतीस जणांना विचारलं. तुम्ही तेवढे राहिलात, तर तुम्हाला काय विचारायचं? तुमच्याच अक्षरावरून मी आकडे गिरवायला शिकले.

तुमची गेल्या वर्षीची रजिस्टरं उघडली, आणि ते डावीकडे कललेलं अक्षर बघून पाच मिनिटं काम सुचेना. मार्च ते जून जागोजागी आडव्या रेघा दिसल्या. मी समजले. मामीच्या खुब्याचं हाड मोडलं ते तेव्हाच. तुम्ही तिला सोडून सायकलवर बावीस विहिरी कशा फिरणार होतात! कुणाला बोलले नाही. मागच्या-पुढच्या महिन्यांची सरासरी काढून त्या जागा भरून टाकल्यात. तशी रीतच आहे आमच्यात, मनात काही आणू नका.

फक्त तुमचा कठडा किती उंच धरू ते कळवा. मामीला म्हणावं, काठी न लाजता वापर.

तुमची,
ठकी


१५ फेब्रुवारी

चि. ठकीस आशीर्वाद,

तुझं पत्र मामीला दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा तिने शेजारच्या शिंपीणबाईंना बोलावून आणलं, म्हणून मोठ्याने वाचावं लागलं. त्या म्हणाल्या, “बघा, या पोरीचे शाळेचे झगे मी शिवले, दर वर्षी दोन बोटं सोडून. आता ती देशाचं माप घेते.” त्यांच्या थोरलीलाही गणित चांगलं येतं, धाकटी मात्र आईच्या मशीनचं चाक सोडत नाही. नवरा गेल्यापासून दोन्ही मुली आणि म्हातारी सासू या बाईच्या एका सुईवर आहेत. पण तोंड कधी वाकडं नाही.

कठड्याचं विचारलंस. आम्ही कठड्याच्या वरच्या काठापासून मोजतो. उंची सगळीकडे पंचाहत्तर सेंटिमीटर धर. फक्त चौदा नंबरचा कठडा एका बाजूने खचलाय, तिथे साठ. तीस वर्षं तीच फीत, तेच शिशाचं वजन. लोक मला अजून ‘टेपमामा’च म्हणतात, खरं नाव विचारलंस तर पोस्टमनसुद्धा डोकं खाजवेल.

रेघांचं तू केलंस ते ठीकच केलंस. मामीचे ते दिवस फार वाईट गेले. त्यावर जास्त काय लिहू.

डिसेंबरात मी नोकरीतून सुटतो. तीस वर्षांत एक ठपका नाही, तेवढं नीट पार पडलं म्हणजे झालं.

तुझा,
मामा


२ एप्रिल

प्रिय मामा,

तक्ता छापून आला! सोबत एक प्रत पाठवते आहे, सत्तेचाळीसावं पान बघा. बाहेरच्या देशांतून पाहुणे आले होते, त्यांनी आमच्या साहेबांना विचारलं की इतक्या जिल्ह्यांच्या नोंदी एका रांगेत कशा बसवल्यात. साहेबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी नवी चप्पल घालून गेले होते, ती इतकी चावत होती की मला धड हसताही येईना.

पाण्याच्या बाबतीत आपला जिल्हा वरून अकरावा आलाय. मला वाटलं होतं पंचविसाच्या पुढे जाईल. उन्हाळ्यातही विहिरीत सरासरी अडीच मीटर पाणी म्हणजे चांगलंच की. इतकी वर्षं आपण उगाच रडत होतो असं दिसतंय. ‘समाधानकारक’ असा शेरा पडलाय.

मामी चालते का आता?

ठकी


२० एप्रिल

चि. ठकीस,

तक्ता मिळाला. सत्तेचाळीसावं पान पाहिलं. छपाई सुबक आहे.

मामी घरातल्या घरात चालते. ऊन फार आहे.

इकडे टँकर आठवड्यातून तीनदा यायचा तो आधी एकदाच यायला लागला, आणि गेल्या सोमवारपासून मुळीच नाही. ड्रायव्हर ओळखीचा आहे. तो म्हणाला, “टेपमामा, आमच्या गाड्या दुसरीकडे लावल्या. तुमचा जिल्हा पास झाला म्हणतात.” लोक हसले. मग दोन दिवसांनी हसायचे थांबले.

तुझ्या तक्त्याचा आणि याचा काही संबंध असतो का? आपलं सहज विचारतो. तुला त्रास होईल असं काही करू नकोस. जमल्यास एखादा टँकर परत सुरू करता येईल का, एवढंच बघ.

शिंपीणबाई पहाटे उठून वीटभट्टीमागच्या चौदा नंबरवर जातात. मी नको म्हटलं. त्या म्हणाल्या, “मग कुठे जाऊ, तुमच्या सत्तेचाळीसाव्या पानावर?”

मामा


२८ एप्रिल

प्रिय मामा,

संबंध आहे, पण तुम्हाला वाटतो तसा नाही. पाणी जिथे कमी तिथे टँकर जाणार, हेच तर मला हवं होतं. आपल्या जिल्ह्यात अडीच मीटर पाणी असताना टँकर बंद झाला तर नियमाला धरूनच झाला. तुमच्याकडे ओरड होतेय ती नळाची असणार. पाणी आहे, ते वर काढून पोचवणारे पंप कुणीतरी बंद ठेवतंय. मी जिल्हा कचेरीला कडक पत्र टाकलंय, की विहिरींत पाणी असून लोकांना का मिळत नाही याचा खुलासा करा. बघाच तुम्ही, आठ दिवसांत सुतासारखे सरळ येतात की नाही!

आणि शिंपीणबाईंना सांगा, रागावू नका. आकडे माणसासारखे तोंड बघून बोलत नाहीत, म्हणूनच त्यांच्यावर विसंबायचं असतं.

ठकी


४ मे

ठके,

जिल्हा कचेरीला लिहिलेलं पत्र मागे घे. पंपवाल्याची काही चूक नाही. पंप ओढणार काय, तळ?

हे पत्र मला फेब्रुवारीत लिहायला हवं होतं.

आमच्या जिल्ह्यात विहीर कोरडी असली की आडवी रेघ मारतात. मी कामाला लागलो तेव्हाच्या साहेबांनी तसं शिकवलं होतं. ते म्हणायचे, “फितीला पाणीच लागलं नाही तर आकडा कुठून आणणार? रेघ मार आणि पुढे चल.” तू ज्या जागा भरल्यास त्यांतल्या बहुतेक कोरड्या विहिरी होत्या. एप्रिल, मे, जून मी एकही फेरी चुकवली नाही. मामी अंथरुणावर होती तरी गेलो. शिंपीणबाई तिच्याजवळ बसायच्या म्हणून जाता आलं.

मार्चमध्ये मात्र गेलो नव्हतो. हाड मोडलं तो महिना. तेव्हा लांबच्या नऊ विहिरींपुढे ‘मोजणी झाली नाही’ असं लिहायला हवं होतं. लिहिलं असतं तर खुलासा मागितला असता. मी रेघ ओढली. कोरडीची तीच, न गेल्याची तीच. कुणाला कळणार होतं?

तुझं पत्र आलं तेव्हा मला कळलं की तू सगळ्याच रेघा मामीच्या दुखण्यात मोजल्यास. रेघेचा खरा अर्थ तुला सांगितला असता तर त्या नऊ रेघाही उघड्या पडल्या असत्या. नोकरीचे दहा महिने राहिले होते, ते अब्रूने जाऊ देत असं वाटलं. आणि तुझ्या डोळ्यांत मी खोटं लिहिणारा ठरलो असतो, ते वेगळंच. वाटलं, एका म्हाताऱ्याच्या रेघांनी देशाचं काय अडतंय. टँकर बंद झाला तेव्हाही लिहिलं ते असं, चाचपडत.

आता लिहितो. बावीसपैकी सतरा विहिरी आज कोरड्या आहेत. चौदा नंबरच्या तळाला चिखल आहे, त्यात अर्ध्या तासाला वाटीभर पाणी झिरपतं. बायका आळीपाळीने आत उतरतात. आतली चिरेबंदी सुटली आहे हे मी चार वर्षांपूर्वी लिहून दिलं होतं.

लवकर काय ते कर. माझं काय व्हायचं ते होवो.

मामा


१० मे

प्रिय मामा,

पत्र काल मिळालं. कालच साहेबांना भेटले. तक्त्यात दुरुस्ती करायला हवी असं सांगितलं. ते म्हणाले, छापलेला तक्ता असा उठून मागे घेता येत नाही, समितीपुढे ठेवावं लागेल. समिती दहा जूनला बसते. मी जिल्हा कचेरीलाही कळवलंय. ते म्हणतात सुधारित तक्ता आणा, आम्ही त्याच दिवशी टँकर सोडतो. म्हणजे सगळेजण तयार आहेत, फक्त कागद पुढे सरकायचाय. होईल, मी मागे लागले आहे.

तुम्ही स्वतःला फार दोष देऊ नका. तुमचं नाव कुठे आलेलं नाही, येऊ देणार नाही.

बायकांना विहिरीत उतरू देऊ नका. एक महिनाभर कसंतरी काढा म्हणावं.

ठकी


२१ मे

ठके,

तुझं दहा तारखेचं पत्र सोळाला दुपारी आलं. त्या सकाळी शिंपीणबाई गेल्या.

तू विचारण्याआधीच सांगतो, कारण पुन्हा लिहायला मला जमणार नाही. त्यांची पाळी होती. कळशी वर ठेवून त्या वाटी आणि फडकं घेऊन उतरल्या. तळाशी पोचल्या, दोन वाट्या भरून वर दिल्या. तिसरी भरेपर्यंत कठड्याच्या खचलेल्या बाजूचे चिरे सुटले. वरच्या बायकांनी आवाज ऐकला. खालून एकदाच हाक आली, ती कुणाला होती ते कळलं नाही.

दोर आणायला माणसं धावली. माझ्याकडे आली. दारात उभं राहून एकाने विचारलं, “टेपमामा, चौदा नंबर किती खोल?” मी सांगितलं, अकरा मीटर चाळीस सेंटिमीटर. रजिस्टर बघावं लागलं नाही. तेवढा दोर गावात एका जागी नव्हता. तीन तुकडे गाठी मारून जोडले. वर काढेपर्यंत दुपार झाली होती.

पोस्टमन तुझं पत्र घेऊन मला शोधत विहिरीवरच आला. मी तिथेच उभ्याने वाचलं. ‘एक महिनाभर कसंतरी काढा.’

दुसऱ्या दिवसापासून टँकर सुरू झाला. सुधारित तक्ता लागला नाही.

मामी जेवत नाही. तिच्या आजारपणात त्या बाईने तिला आंघोळसुद्धा घातली होती. मुली आमच्याकडे झोपायला येत होत्या. मग चौकशीचे लोक आले, मी त्यांना रेघांचं सगळं सांगितलं, नऊ आणि बाकीच्या. ते गावात पसरलं. त्या दिवसापासून मुली येत नाहीत.

मामा


६ जुलै

प्रिय मामा,

दीड महिना लिहिलं नाही. चार वेळा सुरुवात करून फाडलं.

मीही तुमच्यापासून एक गोष्ट लपवली. मेमध्ये साहेबांकडे गेले तेव्हा मी त्यांना खरं सांगितलं नव्हतं. ‘जिल्ह्याकडून काही नोंदी उशिरा आल्यात, दुरुस्ती लागेल’ एवढंच म्हटलं. मी न विचारता सरासरीने जागा भरल्या आणि त्या जागी कोरड्या विहिरी होत्या, हे बोलले नाही. तुम्हाला वाचवतेय असं स्वतःला सांगत होते. वाचवत होते ते मला. उशिरा आलेल्या नोंदींसाठी कोण घाई करणार? तुमचा निरोप आल्यावर मी सगळं लिहून दिलं. साहेबांनी वाचलं आणि म्हणाले, “हे तेव्हाच सांगितलं असतंत तर मी फोनवर टँकर सोडायला लावले असते.” ते खोटं बोलत नव्हते, मामा.

चौकशीचा निकाल लागला. तुम्ही म्हणालात चूक तुमची, मी म्हणाले माझी. त्यांनी लिहिलं, ‘जबाबदारी एका व्यक्तीवर निश्चित करता येत नाही.’ मला कामावर ठेवलंय. उलट नवा फॉर्म करायला सांगितला. त्यात ‘कोरडी’ला वेगळी चौकट आहे, ‘मोजणी झाली नाही’ला वेगळी. सगळ्या जिल्ह्यांत तोच फॉर्म जाणार. चांगला झालाय, असं सगळे म्हणतात.

सुधारित तक्त्यात आपला जिल्हा अडतिसावा आहे. वरून विचारणा झाली, की तीन महिन्यांत अकरावरून अडतिसावर कसा गेला. मी तळटीप लिहिली: ‘आधीचा आकडा चुकीचा होता. कोरड्या विहिरींत पाणी धरले गेले. त्या काळात टँकर बंद राहिले व एका स्त्रीचा मृत्यू झाला.’ छापून आलं ते असं: ‘मोजणीच्या पद्धतीत बदल झाल्याने मागील आकड्यांशी तुलना करू नये.’ मी भांडले. साहेब म्हणाले, तक्त्यात माणसं लिहीत नाहीत.

येत्या गुरुवारच्या बसने मी येतेय. तुमच्याकडे आधी येणार नाही. सरळ त्यांच्या घरी जाणार आहे. तुम्ही सोबत येऊ नका.

ठकी


१६ जुलै

प्रिय मामा,

तुमच्याकडे न येता परत गेले, मामीला वाईट वाटलं असेल. त्या घरातून निघाल्यावर कुठल्याच घरात जाऊन बसायची ताकद उरली नव्हती.

तिथे काय झालं ते तुम्हाला कळायला हवं. दार थोरलीने उघडलं. म्हातारी सासूबाई शिवणयंत्रापाशी बसल्या होत्या, अर्धवट शिवलेला एक सदरा उसवत होत्या. कुणाचा तरी परत द्यायचा होता, शिवणारं कुणी नाही म्हणून कापड तरी नीट द्यावं, असं म्हणाल्या. मी कोण ते सांगितलं. त्यांनी मान हलवली, म्हणाल्या, “दोन बोटं सोडून शिवायची ती.”

मी सांगितलं. कागद काढला नाही, समिती, पद्धत, काही बोलले नाही. म्हटलं, तुमच्या विहिरी कोरड्या आहेत असं लिहून आलं होतं, मला ते वाचता आलं नाही, मी तिथे पाणी लिहिलं. त्यामुळे टँकर बंद झाला. त्या ऐकत होत्या आणि टाके उसवत होत्या. मग त्यांनी विचारलं,

“त्या रेघेचा अर्थ काय, हे मामाला विचारायला तुला किती वेळ लागला असता?”

मी म्हटलं, “एक पत्र.”

“मग लिहायचं होतंस,” त्या म्हणाल्या. ओरडल्या नाहीत. थोरलीने मला पाणी आणून दिलं, भांडं अर्धं भरलेलं. मी ते प्यायले, कारण नको म्हणायचं धाडस झालं नाही.

ठकी


२५ जुलै

चि. ठके,

पत्र मिळालं. मामीला वाचून दाखवलं नाही. ती विचारत होती, तू जेवून निघालीस का. मी हो म्हटलं.

मला मोजणीवरून काढून गोदामात बसवलंय. डिसेंबरपर्यंत पाइपांची तोंडं मोजायची. फिरायला दुसरा माणूस आलाय, नवा फॉर्म घेऊन. सकाळी तो विचारायला येतो, अमुक विहिरीची वाट कुठून. मी सांगतो. चौकटी कशा भरायच्या ते त्याला सांगावं लागत नाही.

म्हातारी मला दिसते. टँकर आला की रांगेत माझ्यापुढे उभी असते. मला तिने अजून काहीही विचारलेलं नाही. तुला विचारलं, ते वाचून मला तुझा हेवा वाटला.

तू एक पत्र लिहिलं नाहीस, हे तुला जन्मभर टोचणार. टोचू दे, मी ते काढायला येत नाही. पण त्यात एक भर घाल. तुला माहीत नव्हतं, म्हणून तू लिहिलं नाहीस. मला माहीत होतं. फेब्रुवारीत एक आणि एप्रिलमध्ये एक, अशी दोन पत्रं मी तुला लिहिली. दोन्हीत मामीची तब्येत लिहिली, उन्हाचं लिहिलं, छपाई सुबक आहे असं लिहिलं.

मामा